चहाडखोर गटार

सकाळचे सात. इंदूरच्या विजय नगरात कुकरची पहिली शिट्टी अजून व्हायची आहे. चौराह्यावर पोह्यांच्या परातीखालून वाफ निघतेय. शाळेच्या बसला वीस मिनिटं अवकाश आहे. आणि घराघरांतून एकच आवाज येतोय. कोणता? ओळख बरं!

खळ्ळ... भुस्स... गुडगुड!

फ्लशचा!

“शी!” आलं ना तोंडातून? अगदी बरोब्बर! आज आपण शीबद्दलच बोलणार आहोत. नाक खुशाल दाब, कान तेवढे उघडे ठेव. कारण आता जी गोष्ट सांगणार आहे, ती ऐकून तुझी आजीसुद्धा चष्मा वर करून बघेल.

गोष्ट अशी, की आपल्या पायाखालचं गटार एक नंबरचं चहाडखोर आहे! गल्लीत कोणता आजार शिरलाय, हे त्याला कधी कधी डॉक्टरांच्याही आधी कळतं. आणि विचारायला जाणारं कुणी भेटलं, की ते भडाभडा सगळं सांगून टाकतं.

गंमत म्हणजे, हा चहाडखोर नाव मात्र कुणाचंच सांगत नाही!

आधी त्या पाण्यामागे जरा धावू या. इंदूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी नर्मदेचं. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून मोठमोठे पंप ते वर डोंगरावर चढवतात आणि आपल्यापर्यंत आणतात. १९७८ पासून हे चाललंय. तू दात घासलेस, आंघोळ केलीस, फ्लश दाबलास, की पाणी घरातून निघालं. आधी घरामागचं चेंबर. मग गल्लीची पाइपलाइन. मग तिच्याहून मोठी. जशा वर्गावर्गातून निघालेल्या रांगा मैदानावर प्रार्थनेला एकत्र होतात ना, तशा गल्ल्यागल्ल्यांच्या पाइपलाइनी एकमेकींना भेटत भेटत जातात. शेवटी येतं मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र. एक मोठं केंद्र विजय नगरपासून फार लांब नाही, कबीटखेडीला! (कबीट म्हणजे आपलं कवठ बरं का. आंबटगोड फळाचं गाव आणि काम हे असलं!)

तिथे पाणी साफ होतं आणि कान्ह नदीच्या वाटेला लागतं. आता थांब, एक भन्नाट गोष्ट ऐक. नर्मदा वाहते पश्चिमेला, अरबी समुद्राकडे. पण कान्ह मिळते क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला आणि गंगा जाते बंगालच्या उपसागराला! म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण मधेच उचललं, त्यानं दात घासले आणि त्याला चक्क दुसऱ्या समुद्राच्या रस्त्याला लावून दिलं! शिवाय ते पाणी रिकाम्या हातानं जात नाही. तुझी, माझी, शेजारच्या काकूंची, सगळ्यांची खबर घेऊन जातं.

खबर? गटारात?

हो! मधल्या सुट्टीनंतर वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून बघ. संत्र्याची सालं दिसली, म्हणजे कुणीतरी संत्रं आणलं होतं. बिस्किटाचा कागद, म्हणजे कुणीतरी पोळी-भाजीला दांडी मारली. कुणी, ते कळत नाही. पण वर्गानं काय खाल्लं, ते झाडून सगळं कळतं! डबा कुणाला हात वर करायला लावत नाही. गटाराचंही तसंच.

आपल्याला आजारी पाडणारे काही विषाणू पोटात, आतड्यात वाढतात आणि शीतून बाहेर पडतात. हे विषाणू असतात तरी केवढे? पोलिओचा विषाणू घे. तुझ्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या फटीत असे ३० हजारांहून जास्त विषाणू रांगेत उभे राहतील, आणि कुणालाही धक्का लागणार नाही!

आता आपण जाऊ मुंबईला. आणि थोडं मागे, २००१ सालात. तू तेव्हा नव्हतास-नव्हतीस, पण तुझे आई-बाबा होते. पोलिओ हा मोठा दुष्ट आजार. लहान मुलांच्या पायातलं बळच काढून घ्यायचा. म्हणून सगळ्या बाळांना दोन दोन थेंब पाजायची मोहीम जोरात चालू होती. तरीसुद्धा मुंबईत १९९९ आणि २००० मध्ये मिळून तीन मुलांना पोलिओ झाला. एवढे डोस पाजूनही! मग हा विषाणू लपून बसला होता तरी कुठे?

त्याची लपाछपी फार हुशारीची असते. समज, शाळेच्या मैदानावर दोनशे मुलं उभी आहेत आणि सगळ्यांच्या पोटात पोलिओचा विषाणू आहे. लुळेपणा किती जणांना येईल? साधारण एकाला! उरलेल्या १९९ पैकी बहुतेक जण उड्या मारतील, डबा खातील, गृहपाठ विसरतील. त्यांना कुणी आजारी म्हणणारच नाही. पण विषाणू त्यांच्याही शीतून बाहेर पडत राहणार. म्हणजे दवाखान्यात फक्त एकच मूल दिसणार आणि बाकीचा सगळा खेळ गुपचूप चालू!

दवाखान्याला दिसत नाही, पण फ्लशला? त्याला सगळ्यांचं दिसतं!

परळला हाफकिन संस्थेच्या आवारात तेव्हा एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. आतड्यात राहणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा. तिथले डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांचे सहकारी म्हणाले, चला, गटारालाच विचारू. त्यांनी मुंबईतल्या तीन दाट वस्त्या निवडल्या. दर आठवड्याला तिथलं मैलापाणी बाटलीत भरून आणायचं आणि तपासायचं. पाऊस असो, सण असो. भारतात असं पोलिओसाठी पहिल्यांदाच घडत होतं.

वर्षभरात १३७ नमुने तपासून झाले. आणि काय निघालं? १३७ पैकी ३५ नमुन्यांत पोलिओचा एक नंबरच्या प्रकारातला जंगली विषाणू! एकात तीन नंबरच्या प्रकारातलाही! (जंगली म्हणजे जंगलात राहणारा नव्हे हं. डोसाच्या थेंबांतला विषाणू शास्त्रज्ञांनी दुबळा केलेला, पाळलेल्या मांजरासारखा. जो तसा नाही, मोकाट आहे, तो जंगली.)

आणि त्या अख्ख्या वर्षात सगळ्या मुंबईत पोलिओ झालेलं मूल किती सापडलं? एक. फक्त एक!

अजून ऐक. ते एक मूल आजारी पडण्याच्या तीन महिने आधीच गटारानं चहाडी करून टाकली होती! तीन महिने म्हणजे जवळजवळ तुझं अर्धं सत्र.

चहाडी तरी किती बारीक! शास्त्रज्ञांनी विषाणूंच्या आतला मजकूर अक्षर-अक्षर वाचला. जुन्या वहीतलं अक्षर बघून “हे तर ताईचं!” असं आपण ओळखतो ना, तसं त्यांनी ओळखलं, की हे विषाणू मुंबईचे नव्हेतच. हे उत्तर प्रदेशातल्या विषाणूंचे सख्खे नातलग! आले होते पाहुणे म्हणून. एकदा नाही, त्या वर्षात अनेकदा. कुणाच्या तरी पोटात बसून, रेल्वेचं तिकीट न काढता!

मग पुढे? पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात काहीच घडत नाही.

दर आठवड्याला बाटल्या येत राहिल्या. तपासणी होत राहिली. नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईच्या गटारानं शेवटचं सांगितलं, “आहे.” आणि त्यानंतर ते गप्प! पुढच्याच वर्षी १३ जानेवारीला पश्चिम बंगालमधल्या हावड्याजवळ देशात जंगली पोलिओनं शेवटचं मूल आजारी पडलं. मग कुठेच नाही. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, भारत पोलिओमुक्त! चहाडखोर गप्प बसला, हीच सगळ्यांत मोठी बातमी होती. वर्गात शांतता पसरली की बाईंना जसं वाटतं ना, “अरेच्चा!”, अगदी तसं. पण बाई लगेच विश्वास ठेवतात का? दारातून पुन्हा पुन्हा डोकावतातच. शास्त्रज्ञही डोकावतात. अजूनही!

आणि डोकावावंच लागतं. २०२२ मध्ये लंडनच्या मैलापाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. जवळजवळ चाळीस वर्षं तिथे कुणाला नावही काढावं लागलं नव्हतं! लुळं पडलेलं एकही मूल सापडलं नव्हतं, पण गटार बोललं आणि हजारो मुलांना पुन्हा डोस मिळाले.

पण इतक्या घाण पाण्यातून एवढासा विषाणू शोधायचा कसा? पातेलंभर खिचडीत एक खसखशीचा दाणा शोधायचा झाला तर? इथे तर त्याहून कठीण काम!

आधी बाटलीभर पाणी घ्यायचं, शक्यतो सकाळी. का, ते तुला कळलंच असेल! सात वाजताची ती सगळी भुस्स-भुस्स आठव. मग बाटली बर्फाच्या पेटीत. मग प्रयोगशाळेत पाण्यातलं पाणी कमी करत आणायचं. आई बासुंदीला दूध आटवते ना, तसं. फक्त चूल पेटवायची नाही, कारण उष्णतेनं विषाणू मरतील. खास पदार्थ मिसळून विषाणू एका कोपऱ्यात गोळा करतात. बासुंदीची कल्पना आता डोक्यातून काढून टाक. मीही काढतोय!

आणि मग येते उंदराची कमाल!

पोलिओचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो, कारण आपल्या पेशींवर त्याच्या किल्लीचं कुलूप असतं. साध्या उंदराच्या पेशींवर ते कुलूपच नसतं, म्हणून तो उंदराकडे ढुंकून बघत नाही. शास्त्रज्ञांनी काय केलं असेल? उंदराच्या पेशींवर माणसाचं कुलूप बसवलं! आता त्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर गटारातला नमुना सोडायचा. माणसांना छळणारे इतर बहुतेक विषाणू येतात, दार ठोठावतात आणि हात हलवत परत जातात. पोलिओ मात्र आपली किल्ली लावून थेट आत! पेशी फुटायला लागल्या, की शास्त्रज्ञ म्हणतात, “सापडलास!” चोराला पकडायला त्याच्याच आवडीचं कुलूप!

करोनासाठी दुसरी युक्ती. करोनाचा विषाणू गटारात बहुतेक वेळा फाटून-तुटून गेलेला असतो. पण फाटक्या पुस्तकाचं एक पान मिळालं, तरी पुस्तक कोणतं ते कळतंच की! शास्त्रज्ञ त्या एका पानाच्या नकला काढतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. यंत्र हे तासा-दोन तासांत चाळीस वेळा करतं. चाळीस वेळा दुप्पट म्हणजे किती? कागद घे आणि करून बघ... नको, बस चुकेल. मीच सांगतो. एका पानाची एक लाख कोटींहून जास्त पानं! एकावर बारा शून्यं! आणि विषाणूचं पान नसेलच, तर नकला होतच नाहीत. नसलेल्या पानाची झेरॉक्स कशी निघणार?

२०२० साली शाळा बंद झाल्या, आठवतंय? तू तेव्हा अगदी लहान असशील, घरच्यांना विचार. नेदरलँड्समध्ये अॅमर्सफोर्ट नावाचं एक शहर आहे. तिथे करोनाचा एकही रोगी नोंदला गेला नव्हता, तेव्हाच मैलापाण्यात करोना दिसला! आपल्याकडे त्याच वर्षी मे महिन्यात अहमदाबादच्या पिराणा केंद्रातल्या पाण्यात गांधीनगरच्या आयआयटीच्या शास्त्रज्ञांनी तो शोधला. पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले लोक शुद्धीकरण केंद्रांतल्या बाटल्या भरभरून आणू लागले आणि करोनानं कोणतं नवं रूप घेतलंय, तेही त्या पाण्यात बघू लागले. आता तर परदेशात विमानाच्या संडासातलं पाणीसुद्धा तपासतात! पाहुणे पासपोर्ट दाखवतात. पोटातले पाहुणे दाखवत नाहीत ना!

आता मिरचीकडे येऊ. हो, मिरची! इंदूरकरांनी तर सावरून बसावं.

२००६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ठरवलं, निरोगी माणसाच्या शीत कोणकोणते विषाणू असतात, ते मोजू. (असं ठरवणारी माणसं जगात आहेत, म्हणून मला जग आवडतं.) त्यांना वाटलं असेल, माणसांचे विषाणू निघतील. निघाले कुणाचे? झाडांचे! आणि त्या झाडांच्या विषाणूंत पहिला नंबर कुणाचा? मिरचीच्या झाडाला आजारी पाडणाऱ्या विषाणूचा! मिरचीच्या पानांवर तो फिकट डाग पाडतो. एक ग्रॅम वाळलेल्या शीत हा गडी कधी कधी शंभर कोटींपर्यंत असतो!

घाबरू नकोस, तो आपलं काही वाकडं करत नाही. मिरचीबरोबर तोंडातून आत येतो, पोटात फेरफटका मारतो आणि खालून बाहेर पडतो. जत्रेतल्या भोंगळ पाहुण्यासारखा. तिखट, चटणी, सॉस, मसाला, मिरची जिथे तिथे तो. मग सांग, पोह्यांवर जीरावन भुरभुरणाऱ्या, छप्पन दुकानला चटणी दोनदा मागून घेणाऱ्या आपल्या इंदुरात त्याला किती मान असेल!

आणि हा बिनकामाचा पाहुणा शास्त्रज्ञांच्या फार कामाचा ठरला. कसा? समज, गेल्या आठवड्यात गटाराच्या पाण्यात करोना भरपूर होता आणि या आठवड्यात निम्माच दिसला. आजार कमी झाला का? की रात्री धो धो पाऊस पडून गटाराचं पाणीच पातळ झालं? लिंबाच्या सरबतात पाणी ओतलं, की आंबटपणा कमी होतो. पण त्याबरोबर साखरही कमी लागते ना? मिरचीचा विषाणू म्हणजे ती साखर! मिरची तर लोक रोजच खातात. करोनाबरोबर तोही निम्मा झाला, तर समजायचं पावसाची करामत. तो होता तेवढाच राहिला आणि करोना निम्मा झाला, तर मात्र खरंच आनंदाची बातमी!

म्हणजे तुझ्या ताटातली हिरवी मिरची साथीच्या हिशेबाला मदत करते!

आजाराची चहाडी करणारे इंदूरला नवे नाहीत, बरं. शंभर वर्षांपूर्वी प्लेग यायचा, तेव्हा घरात ‘उंदीर पडायला’ लागले, की लोक घर सोडून मोकळ्या रानात राहायला जायचे. मेलेला उंदीर हाच तेव्हाचा चहाडखोर! त्या काळात होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस नावाच्या दाढीवाल्या स्कॉटिश साहेबांना शहर नीटनेटकं करायला बोलावलं. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल छापून निघाला. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली आणि तिच्यात केवढा तरी मोठा प्लेगचा उंदीर फिरवला! मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाणार? जी वस्ती घरं आणि रस्ते सगळ्यांत चकाचक करेल तिथून! झालं, सगळं शहर झाडू घेऊन सुटलं.

स्वच्छतेत पहिला नंबर काढायची सवय आपल्याला तेव्हापासूनची दिसतेय! २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं, ते कान्ह आणि सरस्वती या नद्यांत सुटणारी गटारं पकडून पाइपात घातली म्हणून. पण जमिनीखाली पिण्याचा नळ आणि गटाराचा पाइप कित्येकदा शेजारी शेजारी असतात. एखाद्या फुटक्या जागेतून गटार नळात शिरलं, तर ते चहाडखोर राहत नाही, स्वतःच गुन्हेगार होतं. नंबर पहिला असो नाही तर शेवटचा, त्या पाइपांवर रोज लक्ष ठेवावंच लागतं.

आता तुझा प्रश्न. मला ऐकू आला! “गटार खरंच कुणाचं नाव सांगत नाही?”

केंद्रावर घेतलेली बाटली नाही सांगत. तिच्यात लाखो लोकांचं पाणी मिसळलेलं असतं. पण एक गंमत घडली होती. १९४८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर नावाचे एक डॉक्टर विषमज्वराच्या चुलतभावासारख्या एका तापाचा माग काढत होते. त्यांनी पट्टी बांधायच्या जाळीदार कापडाच्या घड्या केल्या आणि दोरीनं गटारात लटकवल्या. चहाच्या डुबवायच्या पुडीसारख्या! पाणी वाहत राहिलं, कापडात जंतू अडकत राहिले. ज्या फाट्यावरच्या कापडात जंतू सापडले, त्या फाट्यानं वर जायचं. पुन्हा कापड लटकवायचं. पुन्हा वर. असं करत करत गल्ली, मग घरसुद्धा गाठता येतं!

म्हणजे चहाडखोराला फार खोदून खोदून विचारलं, तर तो नावाच्या जवळपास येतो. म्हणून आज शास्त्रज्ञ सहसा वस्तीपाशीच थांबतात. डॉक्टर कुठे पाठवायचे, डोस कुठे पाजायचे, एवढं कळलं की पुरे. कुणाच्या संडासाच्या दाराशी कान लावून बसायचं कशाला?

आणि हो, तूही चेंबरचं झाकण उघडून डोकावायला जाऊ नकोस हं! आतले वायू फार घातक असतात. ते काम साधनं घालून आलेल्या माणसांचं.

बस आली बघ. बाय द वे, आज पोह्यांबरोबर हिरव्या मिरच्या किती खाल्ल्यास? आईला एकच सांगितलीस ना?

उद्या सकाळी सात वाजता कबीटखेडीला खरा आकडा पोचेल!